अठ्ठेचाळीसचे एक्कावन्न

माझा धंदा नेमका काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न ठरवताना मध्यस्थानं त्यांना सांगितलं होतं की मुलगा जाळ्या विणतो. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मला पाटावर बसवून मोठ्या अगत्यानं विचारलं, "पावसाळ्यात कामाचा लई जोर असंल न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाय मामा, पावसाळ्यात आमचं जवळजवळ बंदच असतंय."

ते विचारात पडले. नदी दुथडी भरून वाहत असताना घरी बसून राहणारा कोळी त्यांनी कधी पाहिला नव्हता. पोरगी दिली ती दिली, आता बोलून काय उपयोग, असा चेहरा करून त्यांनी माझ्या पानात आणखी एक करंजी टाकली.

तर मी रॅकेटमध्ये तारा भरतो. राजारामपुरीत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पुढं बॅटी, कॅरमच्या सोंगट्या, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे चषक. मागं पडद्याआड एक यंत्र आणि एक स्टूल. त्या स्टुलावर माझी सत्तावीस वर्षं गेली. आमच्यात या कामाला गटिंग म्हणतात. पूर्वी ही तार जनावराच्या आतड्यापासून करायचे, त्यावरून हे नाव पडलं. आता बहुतेक तारा प्लास्टिकच्या असतात, नाव मात्र आतड्याचंच राहिलं. बायको म्हणते, बरंय, निदान वास तरी येत नाही.

माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती सांगण्यासाठी हे लिहायला बसलोय. ती सोडून बाकीचं सगळं सांगत बसायची मला सवय आहे, असं घरचे म्हणतात. त्यामुळं थोडा वळसा पडेल.

टेनिसच्या रॅकेटला साधारण सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या तारा असतात. आधी रॅकेटची चौकट यंत्रावर सहा ठिकाणी आवळून बसवायची. मग उभ्या तारा मधून सुरू करून एक डावी, एक उजवी अशा ओढत जायच्या. यंत्र ठरलेला ताण देतं, चिमट्यानं तार धरून ठेवायची, पुढची ओढायची. मग आडवी तार, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. खाटेची नवार विणताना पाहिली असेल तर तसंच, फक्त या खाटेवर कुणी झोपत नाही. ताण पौंडात मोजतात. ताण जास्त असला की जाळी कडक. बॉल म्हणाल तिथं पडतो, पण जोर आपला आपण लावायचा, आणि धक्का सगळा हाताला. ताण कमी केला की जाळी मऊ. हाताला आराम, पण बॉल आपल्या मनानं लांब जातो. दोन-तीन पौंडांचा फरक म्हणजे फार नाही, बॉल वीतभर पुढं पडणार. आता टेनिसमध्ये वीतभर म्हणजे काय, हे ज्याचा बॉल रेषेबाहेर पडलाय त्याला विचारा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दातांचे डॉक्टर आहेत. वय पन्नाशीचं, पोट वयाच्या पुढं. ते एकदा रॅकेट घेऊन आले आणि म्हणाले, "साठ पौंड भरा. टीव्हीवरच्या खेळाडूंसारखं. आणि हो, माझा खांदा फार दुखतो."

साठ पौंड म्हणजे त्या खांद्याला शिक्षाच होती. मी यंत्रावर बावन्न लावले, रॅकेट भरली आणि दांड्याच्या वरच्या बेचक्यात आम्ही जी छोटी चिकटपट्टी लावतो, तिच्यावर साठ लिहिलं. आठवड्यानं डॉक्टर फुललेल्या चेहऱ्यानं आले. "खांदा दुखायचा थांबला! मी तुम्हाला सांगत नव्हतो, साठच पाहिजे म्हणून?"

"व्हय की डॉक्टर," मी म्हणालो.

पुढं कितीतरी वर्षं मी त्यांना बावन्नचे साठ विकले आणि त्यांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. मला त्यात गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर मोठेपणाही वाटायचा. लोकांचं भलं त्यांना न विचारता करायची मला फार हौस. घरातलं घड्याळ मी दहा मिनिटं पुढं ठेवतो. बायकोच्या चहात साखर कमी घालून "नेहमीएवढीच घातलीय" म्हणतो. माझी मुलगी एकदा वैतागून म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही माझे पप्पा आहात तेवढं बास. सगळ्या राजारामपुरीचे होऊ नका." मी हसून सोडून दिलं होतं.

मग आमच्या गावातल्या टेनिस क्लबाच्या कोर्टांवर निळा रंग चढला. खाली डांबर-सिमेंट, वर रंगाचे थर, बॉल टप्पा घेतल्यावर कानफटात मारल्यासारखा उसळतो. अशा कोर्टांवर पुरुषांची आणि महिलांची व्यावसायिक स्पर्धा आमच्या गावात भरायला लागली आणि तारा भरायला मला बोलावलं. टीव्हीवर दिसणारे खेळाडू अशा स्पर्धांत येत नाहीत. तिथपर्यंत जाणाऱ्या जिन्याची ही सगळ्यात खालची पायरी, आणि या पायरीवर गर्दी फार. पाठीवर सहा रॅकेटींची पिशवी, हातात केळी, एका देशातून उठायचं आणि दुसऱ्या देशात पहिल्याच फेरीत हरायचं, असं पाच-पाच वर्षं करणारी पोरं-पोरी मी पाहिलीत. त्यांच्यापुढं आपल्या धंद्याबद्दल कुरकुर करायची लाज वाटते.

माझी खोली एक नंबरच्या कोर्टाच्या मागं होती. पूर्वी तिथं लॉनवरचा रोलर ठेवायचे. कोर्टाच्या बाजूला खिडकी नाही, वर फक्त एक झरोका. त्यामुळं इतक्या वर्षांत मी इतक्या सामन्यांच्या रॅकेटी भरल्या आणि एक सामना धड पाहिला नाही. सगळं ऐकलेलं. पण ऐकून कळतं. कडक जाळीचा आवाज टणक असतो, सैल जाळीचा जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा.

पहिल्याच वर्षी पूर्व युरोपातला एक उंच गडी आला होता. दारातून येताना वाकायचा. त्याच्या तीन रॅकेटी मी भरल्या. त्यानं प्रत्येक रॅकेट कानाशी धरली, बोटाच्या पेरानं जाळीवर टिचकी मारली, दोन पिशवीत टाकल्या आणि तिसरी माझ्यापुढं ठेवली. "हाफ," एवढंच म्हणाला. मी यंत्रावर तपासलं. अर्धा पौंड कमी होता. ती रॅकेट भरताना बायकोचा फोन आला होता, येताना कोथिंबीर आणा म्हणून. ती कोथिंबीर मला अर्ध्या पौंडाला पडली.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की समजली. दातांच्या डॉक्टरला जे चालतं ते यांना चालत नाही. यांनी सांगितलेल्या आकड्यामागं हजारो फटके असतात. आकडा त्यांचा, आपण फक्त भरायचं. हे मला समजलेलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं जे केलं ते समजून केलं.

मयूरी मुरगूडची. तिचे वडील सर्जेराव, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. नऊ वर्षांची असताना तिला टेनिससाठी राजारामपुरीत मावशीकडं ठेवली, तेव्हापासून तिची प्रत्येक रॅकेट माझ्याकडं. आली की सरळ पडद्याआड. मी विणत असलो की बोलायची नाही, नुसती बघत राहायची. एकदा माझी एक आडवी तार दोन उभ्यांच्या वरून गेली आणि माझ्या ध्यानात आलं नाही. "काका, हितं चुकलं," म्हणाली. अकरा वर्षांची असेल. मी चष्मा पुसला आणि अख्खी ओळ उसवली.

तिचं ऐकून सर्जेरावही मला काकाच म्हणायला लागले, वयानं माझ्याएवढेच असून. मीही चालवून घेतलं. तेवढाच मान.

एकोणिसाव्या वर्षी तिला आमच्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड मिळालं. म्हणजे पात्रता फेरी न खेळता सरळ मुख्य फेरीत. मुख्य फेरीत एक सामना जिंकला की जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळतो. एकच गुण, पण तो नसलेल्या पोरी हजारोंनी असतात. तिच्या घरात ठरलं होतं: हा गुण आला तर आणखी दोन वर्षं खेळायचं. नाही आला तर परीक्षा, नोकरी, आणि पुढचं जे काय असतं ते. हे तिनंच मला सांगितलं होतं, स्टुलावर बसून पाय हलवत, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

तिच्यासमोर आलेली मुलगी परदेशी होती, वरच्या क्रमांकाची, पण आदल्या संध्याकाळी दुहेरीत तीन सेट खेळून पाय ओढत चाललेली. सगळे म्हणत होते, बाई, नशीब काढलंस.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं तीन रॅकेटी आणून दिल्या. "एक्कावन्न, काका. तिन्ही."

"कोपर कसं हाय?"

"कोपर हाय जाग्यावर." आणि हसली. तिचं उजवं कोपर तीन महिने दुखत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

तासाभरानं सर्जेराव आले. दारात चप्पल काढून आत आले, खरं म्हणजे त्या खोलीत चप्पल काढायची काही गरज नव्हती.

"काका, जरा बोलायचं हुतं. पोरगी हाताला बर्फ बांधून बसती. इचारलं तर म्हणती, काय न्हाय. डॉक्टर म्हणलेत, तार सैल ठेवा. ऐकत न्हाय. तुमी दोन-तीन पौंड कमी करा की. तिला काय सांगू नगासा."

"सर्जेराव, हे चालत न्हाय. आकडा तिचा हाय."

"आकडा तिचा हाय, खरं हाय. पर हात माझ्या पोरीचा हाय न्हवं?"

मी तिच्या तिन्ही रॅकेटी जवळ ओढल्या. पण सगळं सर्जेरावांवर ढकलणं बरोबर नाही. ते गेल्यावर मी ठरवलं असतं तर एक्कावन्नच भरलं असतं, त्यांना काय कळणार होतं? ते भांडीवाले. पण मलाही तेच करायचं होतं. मी तिला नऊ वर्षांची असल्यापासून पाहत होतो. तिच्या कोपराचं तिच्यापेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी समजूत होती. दातांच्या डॉक्टरचा खांदा मी बरा केला होता की नाही?

मी यंत्रावर अठ्ठेचाळीस लावले. तिन्ही रॅकेटी भरल्या. इतकं सुबक काम मी क्वचित केलं असेल, एक तार वाकडी नाही. मग पेन घेतलं आणि तिन्ही चिकटपट्ट्यांवर लिहिलं, एक्कावन्न.

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी. फेब्रुवारी होता, पण ऊन एप्रिलचं. निळं कोर्ट तापून तव्यासारखं झालेलं. आणि इथं माझी अक्कल किती चालली होती पाहा. उन्हात बॉल आधीच जास्त उडतो, म्हणून अशा दिवशी खेळाडू ताण एखादा पौंड वाढवून घेतात. त्या सकाळी आमच्या खोलीत येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता: एक वाढवा, दीड वाढवा. मी मान डोलवून वाढवत होतो. मयूरीच्या रॅकेटी तेव्हा तिच्या पिशवीत गेल्या होत्या. ती एक्कावन्नवर खूश होती, कारण तिचा एक्कावन्न तिच्या ओळखीचा होता.

पहिला सेट सुरू झाला आणि झरोक्यातून आवाज यायला लागले. एक टणक, एक घोगरा. टणक, घोगरा. घोगरा आमचा. मग पंचाचा आवाज, "आउट." थोड्या वेळानं पुन्हा, "आउट."

क्लबाचे दस्तगीरभाई अधूनमधून दारात येऊन बातमी सांगायचे. कोर्ट झाडणं, नेटची उंची मोजणं, सांडलेलं पाणी रबराच्या पट्टीनं ओढून काढणं, सगळं तेच बघायचे. टेनिस त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण ते बघतात.

"दादा, पोरगी खेळत्या भारी. पर बॉल सगळे लांब चाललेत. रेषेपास्नं चार बोटं. हिचं असं कधी हुत न्हवतं."

"ऊन हाय," मी म्हणालो.

"ऊन त्या पोरीला बी हाय की."

पहिला सेट तिनं सहा-चार असा घालवला. मी हातातलं काम बाजूला ठेवून नुसता बसलो होतो. तेवढ्यात दस्तगीरभाई धापा टाकत आले, हातात तिची एक रॅकेट. सामना चालू असताना अशी रॅकेट पाठवता येते. वीस मिनिटांत भरून परत द्यायची असते.

"मयूरीनं दिलीया. म्हणली, काकांना सांगा, त्रेपन्न. लवकर."

बघा, पोरीला कळलं होतं. काय चुकतंय ते तिला ठाऊक नव्हतं, पण काय पाहिजे ते हातानं ओळखलं होतं. दोन वाढवा. तिच्या हिशेबानं एक्कावन्नवर दोन.

मी जुन्या तारा कापल्या, रॅकेट यंत्रावर चढवली, आकडा लावला त्रेपन्न. मधल्या दोन उभ्या तारा त्रेपन्नवर ओढल्यासुद्धा. आणि थांबलो.

ही रॅकेट त्रेपन्नची, बाकीच्या दोन अठ्ठेचाळीसच्या. तिच्या हाताला दोन पौंड वाढायला हवे होते, लागले असते पाच. पहिल्या फटक्याला कळलं असतं. आणि मग तिनं विचारलं असतं, सर्जेरावांना नाही, मला. कदाचित रेफरीच्या समोर. तारा भरणारा आकडा खोटा लिहितो, ही बातमी खेळाडूंच्या खोलीत पसरायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. पंचवीस वर्षांचं नाव गेलं असतं.

आदल्या दिवशी जे केलं ते मायेनं केलं, असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. पण आता जे केलं त्याला तेवढीही जागा नाही. मी त्या दोन तारा सैल सोडल्या, आकडा पन्नासवर आणला आणि पुन्हा ओढल्या. रॅकेट एकोणीस मिनिटांत भरली. चिकटपट्टीवर त्रेपन्न लिहिलं. पट्टी अंगठ्यानं दाबून चिकटवली.

"झालं?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"त्रेपन्न," मी म्हणालो.

दुसऱ्या सेटमध्ये ती लढली. आवाज थोडा सुधारला होता, पन्नासचा आवाज. पाच-पाचपर्यंत आली. मी झरोक्याखाली उभा होतो. मला देव आठवायला हवा होता, पण आठवत होता तो यंत्रावरचा आकडा. मग सहा-पाच झालं, तिच्याविरुद्ध. शेवटचा पॉइंट बराच चालला. टणक, घोगरा, टणक, घोगरा. प्रेक्षक एकदम "आ" म्हणाले. मग "आउट". मग टाळ्या, सभ्यपणाच्या.

दस्तगीरभाई दारात आले आणि त्यांनी चार बोटं दाखवली.

अर्ध्या तासानं मयूरी खोलीत आली. डोळे धुऊन आली होती. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता विचारेल. आणि विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय.

ती म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. गटिंग लई भारी हुतं. वीस मिनिटांत दिलंसा. माझाच हात सुटला."

मी म्हणालो, "पाणी पी."

ती माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि रॅकेटी उचलून गेली. सर्जेराव बाहेर उभे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान खाली घातली, मीही घातली.

आठवड्याभरानं मी मुरगूडला त्यांच्या दुकानात गेलो. म्हणालो, तिला सांगूया. ते एका पातेल्यावरची धूळ पुसत राहिले. "आता सांगून काय व्हणार हाय, काका? सामना परत मिळणार हाय व्हय? पोरगी माझ्याशी बोलायची बंद हुईल. एवढं करू नगासा." मी कबूल झालो. खरं तर त्यांनी नको म्हणावं म्हणूनच मी गेलो असेन.

तिनं टेनिस सोडलं. घरच्यांनी सोडायला लावलं असं नाही. उलट सर्जेराव म्हणाले होते की आणखी एक वर्ष बघ. तीच नको म्हणाली. सर्जेरावांनी मला तिचे शब्द सांगितले: "मोठ्या पॉइंटला माझा हात सुटतोय, आबा. बाकी सगळं शिकवून येतंय, हे येत न्हाय." मग परीक्षा दिली, पास झाली, पन्हाळ्याला तहसील कचेरीत लागली. सर्जेराव पेढे घेऊन दुकानात आले. मी पेढा खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला. माणूस काय काय करू शकतो याचा मला अंदाज नव्हता.

त्यानंतर एक बदल केला. आता मी गिऱ्हाइकाला यंत्रावरचा आकडा दाखवूनच काम सुरू करतो. दातांच्या डॉक्टरांना खरे साठ भरून दिले. पंधरा दिवसांत त्यांचा खांदा धरला. "तुमच्या हातात पूर्वीसारखं राहिलं नाही," म्हणाले, आणि हल्ली दुसरीकडं जातात. त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही.

दोन वर्षं मी घरातही बोललो नाही. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला हे किती अवघड असतं, ते त्यालाच माहीत. यंदा उन्हाळ्यात एकदा जेवताना सहज मयूरीचा विषय निघाला आणि बायकोला सगळं सांगून बसलो. तिचा घास हातातच राहिला.

"तिचं कोपर. तिला दुखतंय का न्हाय, तिला ठरवू द्यायचं न्हवतं व्हय? तुमी कोण वो?"

"सर्जेराव म्हणाले म्हणून..."

"सर्जेराव बाप हाय. बाप चुकला. तुमी कारागीर हुतासा न्हवं?" मग घास ताटात ठेवून म्हणाली, "दोन वरसं ती पोरगी सोताला दोष देत बसली असंल. उद्या जाऊन सांगा. आणि माझ्या चहात साखर किती घालता, ते बी आज सांगा."

मी पन्हाळ्याला गेलो, उद्या नाही, महिन्यानं. कचेरीच्या खिडकीपाशी रांग होती. आत मयूरी, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. मला पाहिलं आणि तोंडभर हसली. "काका! तुमी हितं? कसला दाखला काढायचाय? थांबा, दहा मिनिटांत जेवणाची सुट्टी हाय. बसा की."

बाहेर तटाच्या सावलीत चहाची टपरी होती, तिथं बसलो. तिनं काकूंची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. मी तीन वाक्यांत सांगायचं ठरवून आलो होतो. ऊन, कोपर, सर्जेरावांचं येणं, माझी माया, असं करत करत बरंच पसरलं. तिचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली. माझं बोलणं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"आणि मधी पाठवलेली? त्रेपन्न सांगितलेली?"

हे मी सांगण्यातून वगळलं होतं. सगळं सांगायला आलेला माणूस, तेवढंच वगळून बसला होता.

"पन्नास," मी म्हणालो.

ती समोरच्या दरीकडं बघत राहिली. उजव्या हाताचा पंजा तिनं मांडीवर उलटा ठेवला होता आणि त्याच्याकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

"म्हणजे माझा हात बरोबर हुता," ती म्हणाली.

"व्हय."

"मग मी सोडलं कशासाठी वो काका?"

तिचा आवाज चढला नव्हता. ओरडली असती, चहाचा कप फेकला असता, तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान काच उचलली असती. तिनं खरंच विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं मान हलवली, नको म्हणून. "आबांना कळवू नका मला सांगितलंय म्हणून," एवढं म्हणाली आणि घड्याळ पाहून उठली.

मी तिच्या मागं कचेरीच्या दारापर्यंत गेलो. रांग पुन्हा लागली होती. ती जागेवर बसली आणि पहिल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "या पावणं, कागद दाखवा." माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. कागद आत येत होते, ती वाचत होती, शाईच्या गादीवर शिक्का टेकवून खाली आणत होती. कागदावर शिक्क्यासाठी एक लहान चौकट होती. एकामागून एक, नीट न बघतासुद्धा, प्रत्येक शिक्का त्या चौकटीच्या आत पडत होता.